पिक्चरमधली पांढरी साडी

‘‘तोंड धुतलंस की आधी कुंकवाचं बोट टेकव, मग आरशाकडं बघ. उलटं करू नको.’’

नव्या नवरीला, मनकर्णेला, सासूबाईंनी न्हाणीच्या दाराशी उभं करून एवढंच सांगितलं होतं. दळणात ज्वारी किती घालायची ते सांगावं तसं सांगितलं आणि त्या गोठ्याकडं निघून गेल्या. आता त्या नव्हत्या, शेतातलं घर सुटून शहरात टीव्ही सेंटरजवळ दोन मजली घर झालं होतं, तरी मनकर्णा तोंड धुताना डोळे मिटूनच हात लांबवायची. करंडा ठरलेल्या जागी असायचा. बोट बरोबर दोन भुवयांच्या मध्ये पडायचं. आपलं मोकळं कपाळ कसं दिसतं ते तिला ठाऊकच नव्हतं.

अशी बाई टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत कशी शिरली, याचं तिचं तिलाही नवल वाटे. शहरात केबलवर लोकल चॅनल घरोघरी लागायचं ते दिवस. पुंजाराम नावाच्या तरुणानं, जो कॉलेजात नाटकं करून पुढं लग्नांची शूटिंग करायला लागला होता, त्या चॅनलसाठी ‘घरात थेटर’ नावाची मालिका काढली. मालिकेतला बाप सिनेमावेडा, आणि दर भागात एका जातीचा पिक्चर त्याच्या घरात शिरायचा. कधी जिन्यात डाकू यायचे आणि चपला कुठं काढायच्या यावर त्यांची आपसात जुंपायची. कधी जत्रेत हरवलेला भाऊ सापडायचा आणि तो नेमका दूधवालाच निघायचा. कधी सून नागीण व्हायची, आणि हिला सकाळचं दूध द्यावं की रात्रीचं उरलेलं, या विचारात सासूचा अख्खा भाग जायचा.

हे शूटिंग मनकर्णेच्या वरच्या मजल्यावर चाले. तिचे मालक, बद्रीनाथ, बाजार समितीत कामाला. वरच्या खोल्या रिकाम्याच होत्या, त्यांनी मोठ्या मनानं वापरायला दिल्या. मनकर्णा चहा घेऊन वर जायची. एक दिवस डाकूची आई होणारी बाई आलीच नाही, तेव्हा पुंजारामनं चहाचा ट्रे तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, काकू, एवढं एक वाक्य म्हणा. वाक्य होतं, ‘या गावाची राख झाल्याशिवाय माझं लेकरू पाण्याला शिवणार नाही.’ मनकर्णेचा आवाज मुळातच खालचा. पाहुण्याला जेवून जा म्हणावं तशा सुरात तिनं ते म्हटलं. कॅमेरावाला तोंडावर हात दाबून खाली बसला.

तेव्हापासून पिक्चरमध्ये जे जे गर्जून म्हणतात ते ते मनकर्णेनं हळू म्हणायचं, असं ठरूनच गेलं. भाजीवाल्या तिला थांबवून सूड घ्यायला लावत. बद्रीनाथांना समितीत लोक विचारत, अण्णा, घरात सांभाळून राहता ना? ते मिशीत हसत. मनकर्णेनं मात्र आपले नेम सोडले नाहीत. सोमवार, गुरुवार उपास, पोथीचा अध्याय झाल्याशिवाय जिना चढायचा नाही, सोमवारी खडकेश्वराला बेल वाहून आल्याशिवाय तोंडाला पावडर नाही. पुंजारामही ते पाळायचा. मध्येच सोडून जाणाऱ्या नटांना तो टेकीला आला होता. एकदा त्याचा उतरलेला चेहरा बघून ती आपण होऊन म्हणाली होती, ‘‘मी शेवटपर्यंत आहे, बाबा.’’

शेवटच्या भागात पिक्चरमधली आई येणार होती. पांढरी साडी, शिवणाचं मशीन, खोकला आणि भुंडं कपाळ. गंमत अशी, की मालिकेतल्या बापाला वाटतं, खरी आई म्हणजे पांढऱ्या साडीतलीच, म्हणून तो बायकोला विधवा करून टाकतो. स्वतःच्या फोटोला स्वतःच हार घालतो आणि त्या फोटोखाली बसून चिवडा खातो.

ही आई मनकर्णेनं व्हायचं होतं. कुंकू राहू दे का, असं तिनं विचारून पाहिलं. पुंजाराम म्हणाला, काकू, कुंकू ठेवलं तर लोक हसणार कशाला? तो काही चुकीचं बोलत नव्हता. तिनं शब्द दिला होता. पण घरात मालक धडधाकट असताना आपण हे रूप घ्यायचं, या विचारानं तिची झोप उडाली. बद्रीनाथांना तिनं काही सांगितलं नाही. ते हसण्यावारी नेतील ही एक भीती, आणि नाही नेलं तर काय, ही दुसरी.

शूटिंगच्या दिवशीच नेमकं बद्रीनाथांना अजिंठ्याला जायचं निघालं, भाचीसाठी स्थळ बघायला. मनकर्णेनं त्यांच्या हातावर दही घातलं. मोटरसायकल हर्सूलच्या रस्त्याला लागेपर्यंत ती फाटकात उभी राहिली. आज जाऊ नका, असं दोनदा तिच्या ओठांवर आलं. कारण काय सांगणार, म्हणून तिनं ते गिळलं.

वर सगळी तयारी झाली होती. पुंजारामनं ओला कापूस तिच्या हातात दिला. तो घेऊन ती मागच्या खोलीत गेली, पण हात कपाळापर्यंत जाईना. तिथं तिची थोरली जाऊ द्वारकाबाई तांदूळ निवडत बसली होती. थोरले दीर गेल्यापासून द्वारकाबाई यांच्याकडंच राहायची. अंगावर तपकिरी साडी, कपाळावर काळी टिकली. हँगरवरची पांढरी साडी बघून ती सकाळीच म्हणाली होती, ‘‘आपल्यात पांढरं नेसतं कोण? मी तर नाय नेसले. हे त्या पिक्चरवाल्यांचंच.’’

‘‘बाई, तुम्ही पुसता का?’’ मनकर्णेच्या तोंडून निघून गेलं, आणि आपण कुणाला काय विचारलं हे तिला मागाहून कळलं. हिचं कुंकू ज्या दिवशी पुसलं त्या दिवशी मनकर्णा तिथंच होती.

द्वारकाबाईनं तांदळाचं ताट बाजूला सारलं. कापूस घेतला. ‘‘डोळे मिट,’’ म्हणाली.

सीन सुरू झाला. बाप झालेला बन्सी हाराखाली बसून चिवड्याचे बकाणे भरत होता. मनकर्णेनं मशीनचं चाक फिरवत, फोटोकडं बघत, आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणायचं होतं, ‘हे गेले तेव्हापासून या घरात कुणी चिवड्याला हात लावला नाही.’ तिनं म्हटलं. बन्सी खाता खाता म्हणाला, अगं, मी आहे ना. तिनं त्याच्याकडं न बघता खोकून घेतलं. सगळे हसले, आणि त्यांच्याबरोबर ती स्वतःही हसली. हसता हसताच तिला जाणवलं, की मघापासून आपल्याला मालकांची आठवणच राहिली नाही. असं कपाळ घेऊन आपण हसलो.

तेवढ्यात खालून फाटक वाजलं. शेजारचा फकिरा. तो फुलंब्रीच्या मार्गावर काळी-पिवळी जीप चालवायचा, आणि भर दुपारी कधी घरी येत नसे. मनकर्णा तशीच जिन्यात आली. फकिरानं ‘अण्णा’ म्हणून वर पाहिलं आणि त्याचा पुढचा शब्द तोंडातच राहिला. पांढरी साडी, मोकळं कपाळ, मागं दारातून दिसणारा हार घातलेला फोटो. त्यानं पायातल्या चपला काढल्या.

‘‘कळलं व्हय तुम्हाला?’’ तो म्हणाला.

मनकर्णा जिन्याच्या पायरीवर बसली. काय कळलं, असं तिनं विचारलंच नाही. सकाळपासून ज्याची भीती होती ते दारात येऊन उभं होतं, त्याला विचारायचं काय?

विचारलं ते द्वारकाबाईनं. ‘‘फकिरा, तू काय पाहिलंस ते नीट सांग.’’

तेव्हा उलगडलं. फुलंब्रीच्या पुढं ट्रकखाली मोटरसायकल सापडली होती. माणूस जागीच गेलेला. रस्ता बंद, म्हणून फकिरा जीप वळवून परत आला. त्यानं मेलेल्या माणसाला पाहिलं नव्हतं. अण्णा सकाळी त्याच रस्त्यानं गेलेले त्याला दिसले होते, म्हणून चौकशीला आला, तर समोर मनकर्णाबाई अशा. त्याला वाटलं, निरोप आपल्या आधीच पोचला. आणि त्याचं वाटणं बघून मनकर्णेला वाटलं, की झालं. पांढरी साडी आपल्यात कुणी नेसत नाही हे फकिरालाही ठाऊक होतं. पण पिक्चरमध्ये पाहिलेलं त्याच्या डोळ्यांपुढं आधी उभं राहिलं.

‘‘म्हंजे अण्णाच आहेत असं नाय,’’ तो पुटपुटला.

‘‘नाहीत असंही नाय ना,’’ मनकर्णा म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला होता, की पुंजारामनं पुढं वाकून ऐकलं.

अजिंठ्याला फोन लावला. नणंद म्हणाली, दादा अजून आला नाही, आम्ही जेवायचे थांबलोय. मनकर्णेनं काही न सांगता फोन ठेवला. फकिरा पुन्हा जीप काढून निघाला, पुंजाराम त्याच्या शेजारी बसला. बन्सीनं फोटोचा हार काढून ठेवला.

मनकर्णा मागच्या खोलीत आली. करंडा उघडला, बोट बुडवलं आणि तिथंच थांबली. लावावं, तर ते गेलेले असतील आणि आपण इकडं कुंकू लावून बसलेलो असू. न लावावं, तर ते गेले हे आपणच कबूल केल्यासारखं. बोटावरचं कुंकू वाळत चाललं.

‘‘बाई, मी पुसलं म्हणून झालं हे.’’

‘‘पुसलं मी,’’ द्वारकाबाई म्हणाली. ‘‘एक सांगू? हे गेले तो वटसावित्रीचा दिवस होता. माझं कपाळ भरलेलं होतं, हातात चुडा होता, वडाचा दोरा अजून बोटाला गुंडाळलेला होता. तू होतीस की. त्यात काय कमी होतं, सांग.’’

इतकी वर्षं एका घरात काढली, आणि हे द्वारकाबाई कधी बोलली नव्हती.

पण मनकर्णेची भीती काही हटेना. ती देवघरात जाऊन बसली. नेहमीचं स्तोत्र आठवेना, पहिल्या ओळीनंतर जीभ अडखळे. शेवटी ती नुसतीच देवाशी बोलायला लागली. आणि बोलता बोलता तिच्या मनातून जे निघालं ते तिनं आजवर कुणासाठी मागितलं नव्हतं. दुसऱ्या कुणाचा असू दे, ती म्हणाली. महादेवा, तो दुसऱ्या कुणाचा मालक असू दे. मी तिच्यापाशी जाईन. तिच्याजवळ जाऊन बसेन, पण तो दुसऱ्या कुणाचा असू दे.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मोटरसायकलचा आवाज आला. मनकर्णेला तो ओळखू आला, पण उठवेना. बद्रीनाथ आत आले. सदऱ्याच्या बाहीवर रक्त सुकलं होतं. देवघराच्या दारात पांढऱ्या साडीतली बायको बघून ते उंबऱ्यावरच थबकले. दोघंही एकमेकांकडं, जिवंत आहे की नाही याची खात्री करावी तसं बघत राहिली.

‘‘कुणी सांगितलं तुला माझं?’’ त्यांनी विचारलं.

ती उठली आणि नुसती बाहीला हात लावून उभी राहिली.

‘‘माझं नाय ते,’’ बद्रीनाथ म्हणाले. ‘‘मुंजाबाचं. फुलंब्रीजवळच्या वस्तीवरचा, मेंढरंवाला. मीच उचलू लागलो त्याला.’’

मग ते खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. त्यांच्या पुढंच झालं होतं. बारक्या पोरीसाठी गोळ्या-औषधं घेऊन तो माणूस घाईनं निघालेला. त्याच्या बायकोला, बानाबाईला, बोलावून आणेपर्यंत हे तिथंच थांबले होते. तिच्यापुढं उभं राहवेना, म्हणून आडवाटेनं परतले, त्यात फकिराची जीप चुकली. साडीचं त्यांनी काहीच विचारलं नाही. द्वारकाबाईनंच थोडक्यात सांगितलं, तेव्हा नुसती मान हलवली. ते काही हसले नाहीत.

मनकर्णा न्हाणीत गेली. अंगावरची साडी उतरवली, कुंकू लावलं, पण सुटल्यासारखं काही वाटेना. आपण मागितलं आणि मिळालं, हे तिच्या मनातून जाईना. तिनं मागितलं तेव्हा तो माणूस कधीचाच गेलेला होता, हे तिला समजत नव्हतं असं नाही. तरी रात्रभर तिला एकच दिसत राहिलं: कुठल्याशा वस्तीवर एक बाई भिंतीला टेकून बसलीय, आणि आपण समोर गेल्यावर ती आपल्या तोंडाकडं बघून सगळं ओळखतेय.

सकाळी पुंजाराम आला. डोळे न उचलता म्हणाला, काकू, तो भाग टाकून देऊ, मला नको आता. मनकर्णेनं त्याला चहा दिला. राहिलेला सीन आपण पुढच्या आठवड्यात करू, मी शब्द दिलाय, असं ती म्हणाली. मालकांना आता सांगून करीन, हेही म्हणाली. ‘‘पण आज मला दुसरीकडं जायचंय.’’

तिनं अंधारातच उठून भाकरी थापल्या होत्या, पिठलं केलं होतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही. फडक्यात डबा आणि भाकरी बांधताना द्वारकाबाईनं वर मिरच्यांचा ठेचा ठेवला आणि कुठं, म्हणून विचारलं नाही. बद्रीनाथांनी मात्र विचारलं.

‘‘बानाबाईकडं.’’

‘‘ओळख ना पाळख. काय बोलशील तिच्याशी?’’

तिला ते ठाऊक नव्हतं. पिक्चरमध्ये अशा वेळी बाया काय काय बोलतात ते तिला पाठ होतं, आणि त्यातलं काही तिथं चालणार नव्हतं. ‘‘बसेन नुसती,’’ ती म्हणाली.

फकिराची जीप नाक्यावर भरत होती. त्यानं पुढची जागा दाखवली, पण ती मागं, दोन बायांच्या मध्ये जाऊन बसली. भाकरीचं फडकं तिनं मांडीवर घेतलं आणि पदर सारखा केला. वस्तीचा फाटा आला की सांग, असं फकिराला हळूच म्हणाली. त्याला पहिल्यांदा ऐकू गेलं नाही, म्हणून तिनं पुन्हा एकदा सांगितलं.