वेळ पाळणाऱ्या डब्याचा रमजान

मित्रांनो, मी एक जुना गोळ्यांचा डबा आहे. डबा म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. तुमच्या आजोबांच्या उशाशी असतो ना, सात कप्प्यांचा प्लास्टिकचा, तो मी नव्हे. मी विजेवर चालतो. मला घड्याळ आहे, आवाज आहे, आणि पोटात गोळ्यांच्या पुड्यांची लांबलचक गुंडाळी कुलूपबंद असते. औषधाची वेळ झाली की मी हाक मारतो. माझं बटण दाबलं की पुडी बाहेर येते, माझा दिवा हिरवा होतो आणि ‘गोळी घेतली’ असा निरोप मी आपला आपण दवाखान्याला आणि कंपनीला धाडून देतो. हल्ली मात्र मी ओमानमध्ये, मस्कतच्या रुवी भागातल्या एका ऑफिसात, कपाटाच्या खालच्या खणात पडून असतो.

माझा जन्म फिनलंडचा. तिकडे पुष्कळ म्हातारी माणसं एकेकटी राहतात. मुलं दूरच्या गावी. मग गोळी घेतली की नाही हे कोण बघणार? विसरून परत घेतली तर? म्हणून आमचा जन्म. फॅक्टरीतल्या बायकांनी मला पाडून पाहिलं, थंडीत ठेवून पाहिलं, उन्हात ठेवून पाहिलं. मी एकदाही वेळ चुकवली नाही. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. वेळ पाळायची, आणि आपल्या वेळा फॅक्टरीखेरीज कुणालाही बदलू द्यायच्या नाहीत. या दोन्ही गोष्टींचा मला भारी अभिमान होता.

मस्कतला मला आणलं प्रियांका साठे मॅडमनी. बाई पुण्याच्या. फिनलंड, स्वीडन, डेन्मार्क अशा थंड देशांतल्या आरोग्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांना आखातात धंदा करायचा असला, की त्यांना वाट दाखवायची, हे त्यांच्या ऑफिसचं काम. कोणत्या हॉस्पिटलात जायचं, कुणाची परवानगी लागते, कुणाबरोबर आधी बसून कहवा प्यायचा आणि कामाचं मग बोलायचं, हे सगळं मॅडमना पाठ. यंत्रं घरोघरी बसवायला त्यांच्या हाताखाली फेलिक्स तुस्कानो होता. तो वसईचा. दोघं आपसांत मराठीत बोलत आणि मी टेबलावर बसून ऐकत असे. मॅडमची पुणेरी आणि फेलिक्सची वसईची, त्यातून माझी ही भेळ झाली आहे, सांभाळून घ्या.

दोन हजार चौदा सालच्या वसंतात मोठं प्रदर्शन भरलं. बापरे, काय माझं कौतुक! डॉक्टर मंडळी माझं बटण दाबून बघत होती. फिनलंडहून आलेले साहेब खजूर खात खात माझी कीर्ती सांगत होते. शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलने ठरवलं, की आधी काही घरांत मला लावून बघायचं. जमलं तर पुढे अशी शेकडो यंत्रं घ्यायची.

साहेब म्हणाले, उन्हाळी सुट्टीच्या आधीच सुरू करू. त्या वर्षी रमजान ऐन जुलैत येत होता. पण त्या बैठकीत रमजानचं नाव कुणीच काढलं नाही. ओमानी लोकांना वाटलं, एवढी गोष्ट जगात कुणाला ठाऊक नसेल? साहेबांना ती खरोखरच ठाऊक नव्हती. आणि मॅडमना वाटलं, वेळाच तर बदलायच्या, एक ईमेल टाकला की झालं.

मी गेलो मस्कतच्याच मत्रह भागात, खुदेजाअम्मांच्या घरी. अम्मा बलुची. लहानपणापासून शेजारीपाजारी हिंदी माणसं, त्यामुळे हिंदी फर्डं बोलायच्या. त्यांना कंपवात होता. हात थरथरायचे, अंग आखडायचं. या दुखण्यात गोळी वेळेवर पडली तर माणूस हिंडतं फिरतं, नाही पडली तर लाकडासारखं होऊन बसतं. अम्मांचा सगळा जीव त्यांच्या सुईत होता. ओमानी पुरुष कुम्मा नावाची गोल टोपी घालतात, तिच्यावर बारीक भोकाभोकांची नक्षी असते. ती अम्मा हाताने काढत. एकेका टोपीला महिने लागत, आणि गेलं वर्षभर तर त्यांच्या हातून एकही झाली नव्हती.

मी गेलो आणि महिन्याभरात त्यांचे हात निवले. खोटं वाटेल, पण सुईत दोरा त्या स्वतः ओवू लागल्या. माझं अरबी फारच शुद्ध होतं, त्यामुळे मी हाक मारली की त्या हसायच्या. हा तर रेडिओवरच्या बातम्या देतोय, म्हणायच्या. पण बटण न चुकता दाबायच्या आणि माझ्या डोक्यावर एक चापटी मारायच्या. इतकं प्रेम मला फॅक्टरीतही कुणी केलं नव्हतं हो.

मग रमजान आला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी अम्मांना बजावलं, की या आजारात रोजे धरू नका. अम्मा ‘इन्शाल्ला’, म्हणजे देवाची इच्छा असेल तर, एवढंच म्हणाल्या. डॉक्टरांना तोंडावर नाही म्हणणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. घरी येऊन त्यांनी रोजा धरला, आणि लेकीकडून, फरिदाकडून, डॉक्टरांना सांगणार नाही असं वचन घेतलं. फरिदा शाळेत शिकवायची, समजूतदार मुलगी. तिने आईशी पुष्कळ वाद घातला, पण आयुष्यात एकही रोजा न सोडलेल्या बाईपुढे तिने हात टेकले.

आता पंचाईत माझी. औषधाच्या चार वेळांतल्या तीन दिवसाउजेडी, आणि अम्मा सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा थेंबही घेणार नव्हत्या. फरिदाने फेलिक्सला फोन केला, की वेळा संध्याकाळनंतरच्या करून दे. फेलिक्सने फिनलंडला लिहिलं. उत्तर मिनिटभरात आलं, पण ते यंत्राने दिलेलं. ‘आम्ही सुट्टीवर आहोत, ऑगस्टमध्ये भेटू, तुमचा उन्हाळा आनंदात जावो.’ त्याने दुसऱ्याला लिहिलं. तिथूनही तेच. जुलैत तो अख्खा देशच म्हणे तळ्याकाठी राहायला जातो. फेलिक्सने कपाळाला हात लावला. मॅडमनी खटपट करून एका साहेबांना फोनवर गाठलं. ते फार गोड बोलले, पण वेळा बदलणारा माणूस कुठल्याशा बेटावर होता आणि तिथे नेट नव्हतं.

दोन दिवसांनी फरिदानेच कळवलं, की काळजी करू नका, मी जमवलंय. कसं जमवलं, ते फेलिक्सने विचारलं नाही. त्याला हायसं वाटलं होतं.

तिने काय जमवलं ते मी सांगतो. माझी वेळ झाली की बटण फरिदा दाबायची आणि पुडी एका हलव्याच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. दाबलं नाही तर मी ओरडून घर डोक्यावर घेतो आणि ‘गोळी घेतली नाही’ असा निरोप दवाखान्याला जातो, मग ती तरी काय करणार? रोजा सुटला की त्या साठलेल्या पुड्या अम्मांच्या पोटात जायच्या, कधी दोन, कधी तिन्ही एकदम. आणि इकडे माझा दिवा हिरवा. दुपारी मी ऐटीत म्हणायचो, ‘औषध घेतल्याबद्दल आभार’, आणि समोर अम्मा भिंतीला टेकून ताठ बसलेल्या असायच्या, मांडीवर टोपी तशीच. त्यांना माशीसुद्धा हाकलता येत नव्हती. मला सगळं दिसत होतं. पण बोलायला मला जी चार वाक्यं भरून दिली होती, त्यांत ‘नाही, घेतली नाही’ असं वाक्य नव्हतं. बटण दाबलं म्हणजे घेतली, एवढंच मला शिकवलेलं. मी खोटा निरोप पाठवत राहिलो आणि मला गप्प बसायचीही सोय नव्हती.

तपासणीची तारीख आली. परत आल्यावर फरिदा बहिणीला फोनवर सांगत होती, ते मी ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी माझे निरोप कॉम्प्युटरवर पाहिले. सगळे वेळेवर. दुपारचीही गोळी घेतलेली, म्हणजे रोजा नाही, छान. मग अंग इतकं आखडलेलं का? त्यांनी ठरवलं की गोळी कमी पडते आहे, आणि ताकद वाढवली. फरिदा तिथे बसली होती. आईला दिलेल्या वचनापायी तिने खरं सांगितलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवला, यात डॉक्टरांचं तरी काय चुकलं?

जास्त ताकदीच्या गोळ्यांची नवी गुंडाळी भरायला फेलिक्स आला. तो खुशीत होता. माझा आलेख इतका सुंदर आला होता, की मॅडमनी तो फिनलंडला धाडलासुद्धा होता. गुंडाळी भरून तो उठतो तोच माझी दुपारची वेळ झाली. फरिदाने येऊन बटण दाबलं आणि सवयीने पुडी हलव्याच्या डब्यात टाकली. फेलिक्स बघतच राहिला. मग त्याने अम्मांकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं आता हा मला उचलून आपटणार. आपटायला हवं होतं.

त्याने फरिदाला कळकळीने सांगितलं, की निदान एकदम देऊ नकोस, या गोळ्या आता जड आहेत. ती हो म्हणाली. मग तो ऑफिसला गेला. तिथे जे झालं ते त्याने मला पुढे सांगितलं.

“मॅडम, आपलं मशीन खोटं सांगतंय,” तो म्हणाला. “डॉक्टरांना कळवायला पाहिजे.”

मॅडमनी मनाशी हिशोब मांडला. हे कळलं की सगळा महिना फुकट, हॉस्पिटल मागे सरणार, कंपनी मागे सरणार, आणि या एकाच कामावर तगून असलेलं ऑफिसही जाणार. दोघांचेही व्हिसा त्या ऑफिसचे, ते गेलं की देशही सोडायचा.

“ईद होऊ दे फेलिक्स. चार दिवसांचा प्रश्न आहे. मग वेळा आपोआप जागेवर येतील.”

वाईट नाहीत हो मॅडम. त्यांना खरंच वाटलं, की चार दिवसांत काय होणार आहे. फेलिक्सलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

त्याच आठवड्यात, संध्याकाळची बांग झाली. अम्मांनी खजूर तोंडात घातला, पाणी प्यायल्या. दिवसभराच्या कळा सोसून त्या रडकुंडीला आल्या होत्या. फरिदा थोड्या थोड्या वेळाने एकेक पुडी देणार होती, पण अम्मांनी हलव्याचा डबा ओढून घेतला आणि सगळ्या एकदम घेतल्या. सकाळपर्यंत तरी हात माझे राहू देत, म्हणाल्या. थोड्या वेळाने नमाजासाठी उभ्या राहिल्या, आणि त्यांचा रक्तदाब एकदम खाली आला. त्या माझ्यासमोरच पडल्या. उजवा हात अंगाखाली आला. फरिदा किंचाळत धावली. मी भिंतीशी बसून होतो, हिरवा दिवा लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कुणी नव्हतं. माझी वेळ झाली आणि मी हाक मारली. ‘औषधाची वेळ झाली आहे.’ कोण येणार? मी पुन्हा हाक मारली, मग पुन्हा. शेवटी ‘गोळी घेतली नाही’ असा निरोप गेला. साऱ्या रमजानात दिवसाउजेडी मी पाठवलेला तो पहिला खरा निरोप, आणि तो मत्रहच्या रिकाम्या घरातून निघून फिनलंडच्या रिकाम्या ऑफिसात पोचला.

फरिदाने कळवल्यावर त्याच दिवशी फेलिक्स आणि मॅडम दोघंही हॉस्पिटलात गेले. आधी मॅडमच बोलल्या. काही लपवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या पुन्हा कमी केल्या आणि मला घरातून हलवायला सांगितलं.

ईदनंतर फेलिक्स मला न्यायला आला. अम्मा गादीवर बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये. मनगटाचं हाड वाईट मोडलं होतं. ते जुळेल, पण सुई धरण्याइतका हात परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. फेलिक्सला माफी मागायची होती. पण तो माझ्यावरच चिडला आणि वायर हिसडून काढू लागला.

अम्मांनी त्याला थांबवलं. “त्याच्यावर कशाला रागावतोस बेटा? रमजान आलाय, हे त्याला कुणी सांगितलंच नाही.”

फेलिक्स तिथेच खाली बसला आणि रडला. मला रडता येत नाही, मित्रांनो. मला चारच वाक्यं येतात.

ऑगस्टमध्ये तळ्याकाठची मंडळी कामावर परतली. मॅडमनी सगळी हकीकत त्यांना लिहिली होती, पण त्यांनी आधी उघडला तो माझा आलेख. त्यांचं अभिनंदनाचं पत्र आलं. असा निर्दोष महिना आजवर कुठल्याच देशात झाला नव्हता म्हणे. मॅडमनी ते पत्र वाचलं आणि फेलिक्सला न दाखवता कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दिवशी दुसरं पत्र आलं, अगदी छोटं. चाचणी संपली. सहा महिन्यांत ऑफिस अर्धं झालं आणि फेलिक्स वसईला परत गेला. जाण्याआधी त्याने मला फडक्याने पुसलं आणि या खणात ठेवलं.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल, माझ्यासारखी यंत्रं बनवाल, परदेशी पाठवाल. जरूर पाठवा. पण ज्या घरात ते जाणार, तिथली माणसं कधी जेवतात, कधी उपाशी राहतात, डॉक्टरांना काय सांगायला लाजतात, ते आधी जाऊन विचारा. आणि ज्यांच्या उशाशी यंत्र ठेवाल, त्यांच्या हाती त्याची वेळ बदलायची मुभा ठेवा. तुमच्या घरीही कुणी गोळ्या घेत असेल, तर आज त्यांच्याजवळ जाऊन बसा. गोळी खरंच पोटात गेली का, हात दुखतो का, आज काही खाल्लंत का, असं विचारा. मी अम्मांच्या समोर रमजानभर बसलो होतो आणि मला यातलं एकही विचारता आलं नाही. तुम्हाला येतं ना? मग विचारा.