ताईच्या वतीनं

कपडा धुलाईला आला की आधी खिसे उलटे करायचे, निघेल ते कागदी पाकिटात घालायचं, पाकिटावर नंबर टाकायचा आणि ते हँगरला टाचायचं. वाचायचं मात्र काही नाही. दुकानाचा हा नियम ताईनं स्वतः केला होता, आणि तो करण्याआधी ती एकदा पोळली होती. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या कोटातून दुसऱ्या बाईचं पत्र निघालं, ते तिनं उभ्याउभ्या वाचलं, आणि त्याच संध्याकाळी नवरा बॅग भरून त्या बाईकडे राहायला गेला. तेव्हापासून माणसाच्या तोंडावर तिचा काडीचा विश्वास उरला नव्हता. खिशांवर तेवढा होता.

म्हणून धाकटी बहीण इस्त्री करताना गुणगुणायला लागली, तेव्हा ताईच्या मनात पाल चुकचुकली.

धाकटीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं असताना मुलाकडून निरोप आला होता, की हे जमणार नाही. कारण नाही, माफी नाही, काही नाही. पोरगी दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. मग दुकानात येणाऱ्या एक निवृत्त नर्सबाई तिला बुधवारी चर्चमध्ये घेऊन गेल्या. "बोलू नकोस, नुसती शेजारी बस," एवढंच म्हणाल्या म्हणे. चौथ्या बुधवारनंतर धाकटी जेवायला लागली आणि सहाव्या बुधवारनंतर चक्क हसली.

कुणालाही याचा आनंदच झाला असता. ताईला घोर लागला. इतक्या लवकर कुणी बरं होतं का? आपण झालो का? एक तर तिथं कुणी पुरुष असणार, नाहीतर गोड बोलून पोरीला कशात तरी अडकवत असणार. नर्सबाईंना तरी परक्या मुलीवर माया लावून काय मिळतंय?

"करता काय तिथं तुम्ही?" तिनं विचारलं.

"प्रार्थना."

"दोन तास?"

"मधे थोडं रडतोही."

"रडायला एवढ्या लांब कशाला जायला हवं? घरात काय जागा नाही?"

धाकटी हसली आणि तिनं पुढचा शर्ट ओढला. ते हसणं ताईला अजिबात आवडलं नाही.

सोमवारी धाकटी बाजारात गेली असताना चर्चच्या पाळकसाहेबांचा काळा कोट धुलाईला आला. ताईनं खिसा उलटा केला आणि चार घड्यांची चिठ्ठी निघाली. वरचं अक्षर धाकटीचं होतं. नियम राहिला बाजूला. ताईनं वाचलं: बुधवारी आधीसारखंच करू. ताईला कळू देऊ नका.

नवरा गेला तेव्हा निदान ही होती. आता हीही हातची जाणार. दोन दिवस ती धाकटीशी नेहमीसारखं बोलली, आणि तेवढं करताना तिला घाम फुटला.

बुधवारी धाकटी बाहेर पडल्यावर ताईनं दुकानाचं शटर ओढलं आणि तिच्या मागोमाग निघाली. चर्चच्या मागच्या खोलीत दहा-बारा माणसं बाकांवर बसली होती. ताई शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड टेकली. पाळकसाहेब स्वेटर घालून आले होते, कारण कोट हिच्याच दुकानात लटकत होता.

"ज्यानं आपल्याला दुखावलं, त्याचं भलं मागायचं," ते म्हणाले. "येशूनं क्रूसावरून मागितलं, तसं. ज्याला स्वतःला जमत नाही, त्याच्या वतीनं दुसऱ्यानं मागावं."

एक म्हातारा इलेक्ट्रिशियन उठला. "प्रभू, भावानं माझं घर लाटलं. त्याचा गुडघा दुखतो. बरा कर." एवढं बोलून तो बसला.

हे सगळं आपल्याला दाखवायला चाललंय की काय, असं ताईला वाटून गेलं. पण ती आल्याचं कुणाला ठाऊकच नव्हतं. मग धाकटी उठली. लग्न मोडणाऱ्या त्या मुलासाठी तिनं भलं मागितलं. "अजून मनापासून येत नाही," ती म्हणाली, "तरी म्हणते." आणि क्षणभर थांबून, "आता ताईच्या वतीनं. भावोजींसाठी."

"ए, थांब!" ताई ताडकन उभी राहिली. "माझ्या वतीनं? मी सांगितलं होतं तुला? माझा संसार मोडला त्यानं, आणि माफी वाटतेस तू?"

धाकटी पांढरीफटक पडली. "म्हणूनच तुला कळू द्यायचं नव्हतं."

"आणि कुणी सांगितला होता हा उपद्व्याप?"

"कुणी नाही. ताई, सहा वर्षं तू कुणाच्या घरी गेली नाहीस. माझाही फोन तपासतेस. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते ना, तेव्हा मला दिसलं, मी तुझ्यासारखी होणार. मला तुझ्यासारखं व्हायचं नव्हतं."

ताई दाराकडे दोन पावलं गेली आणि परत फिरली.

"मग माझं मीच सांगते," ती म्हणाली. कुणाकडे बघून बोलायचं ते कळेना, म्हणून ती समोरच्या बाकाकडे बघत राहिली. "देवा, तुझी-माझी काही ओळख नाही. त्या माणसाचं वाटोळं होऊ दे, असं मी रोज म्हणत आले. त्याचं काही झालं नाही. माझंच झालं. त्याचं भलं कर, असं माझ्या तोंडून निघत नाही. पण हे मला आता झेपत नाही. तू घे."

"आमेन," सगळे म्हणाले.

"याला कसलं आमेन?" ताईनं संशयानं विचारलं.

"खरं बोललात," पाळकसाहेब म्हणाले. "त्याला आमेन."

तेव्हा तिला रडू फुटलं, नाक-डोळे एक होईपर्यंत. नर्सबाई शेजारी येऊन नुसत्या बसल्या. त्यांना यातून काय मिळतंय, हे ताईनं त्या दिवशी विचारलं नाही.

दोघी घरी निघाल्या.

"पुढच्या बुधवारी मी तुझ्या वतीनं काही म्हणणार नाही," धाकटी म्हणाली.

"नकोच म्हणू. तुला माहीत तरी काय त्याचं?" ताईनं पदरानं नाक पुसलं. "त्याला रात्री पित्त उसळतं. झोपता येत नाही, बसून राहावं लागतं. ते मलाच सांगावं लागेल."