झाकणावरचा भुसा

नव्या चेनसॉला पहिल्या दिवशी पळवायचं नसतं. काका म्हणतात, नव्या जावयाशी वागतात तसं वागावं तिच्याशी: खायला भरपूर द्यावं, काम थोडं सांगावं आणि तोंडावर काही बोलू नये. म्हणून सकाळपासून ती शेडमधल्या ओंडक्यावर बसून नुसती गुरगुरत होती. पेट्रोलमध्ये ऑइल नेहमीपेक्षा हात सैल सोडून घातलेलं. मध्येच काका तिला थोडी रेस देत, एखादी बारीक फांदी भरवत, मग बंद करून थंड होऊ देत. नवी साखळी तापली की लांबते आणि पट्टीखाली लोंबते. ती गार झाली की काका पुन्हा ताणून घेत आणि बोटाने सरकवून बघत.

मी भिंतीला टेकून बसले होते. पदवी हातात आल्यापासून मी काका-काकूंकडेच राहत होते, आणि काका मला ‘शास्त्रज्ञ’ म्हणत, विशेषतः माझ्या हातून चहा उतू गेला की. माझ्या कानांवर आवाज अडवणारे जाडजूड बोंगे होते. त्यांतून करवतीचा आवाज दुरून, पाण्याखालून आल्यासारखा वाटे. दारातून आलेल्या उन्हात निळसर धूर आणि लाकडाची धूळ इतक्या सावकाश तरंगत होती की आपणही त्यातलेच एक कण आहोत आणि खाली उतरायची काही घाई नाही, असं वाटत होतं.

काकांनी कान कधीच झाकले नाहीत. “कान झाकले तर ती काय बोलते ते कसं कळणार?” लाकूडतोडे लांबलांबून आपापल्या करवती त्यांच्याकडे सुरात लावायला आणत. ते कार्बोरेटरचा स्क्रू केसभर फिरवत, डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, “ने.”

जुनी करवत मात्र जळली होती. काका म्हणाले, पेट्रोलमध्ये भेसळ. मला राहवलं नाही, म्हणून मी ती खोलून बघितली. पिस्टनवर धुराच्या तोंडाकडच्या बाजूला उभे ओरखडे होते, मांजराने ओढावेत तसे. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की करवत वेगाने पळते, आवाज स्वच्छ येतो. पण ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं, तेव्हा तेही कमी पडतं. पिस्टन कोरडा पडून चिकटतो. म्हणून रिकाम्या हवेत पूर्ण रेस दिली की तिचा आवाज किंचित फाटायला हवा. हे मला काकांनीच शिकवलं होतं. “हवेत ती थोडी बोबडी बोलली पाहिजे. लाकडात गेली की बोबडेपण जातं.”

तो बोबडेपणा फार नाजूक असतो, मोठ्या आवाजावर सायीसारखा. काकांना तो ऐकू येत नव्हता. मी पिस्टन गुपचूप जागेवर ठेवला होता.

नवी करवत आणली तेव्हा काका पट्टीवरून हात फिरवत म्हणाले होते, “ही पण जळली तर शेडला कुलूप. मग मी आणि तुझी काकू दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसू.” काकू म्हणाली, “मला तेवढीच शिक्षा बाकी होती.”

उन्हं कलली तेव्हा काकांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. करवत एव्हाना सैलावली होती. त्यांनी पूर्ण रेस दिली, स्क्रू जरा आत घेऊन पेट्रोल कमी केलं, अजून जरा. आवाज चढत गेला, लखलखीत, एकही सुरकुती नसलेला.

“बघ कशी गातेय,” त्यांच्या ओठांवरून मी वाचलं.

मी बोंगे काढून बोबडेपणा शोधला. नव्हता. तुम्हाला ऐकू येत नाही, हे या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? मी नजर दुसरीकडे वळवली, आणि ती पिंपावर गेली.

रिकामं ऑइलचं पिंप, त्यावर पातळ पत्र्याचं झाकण, झाकणावर दिवसभराचा भुसा. तो भुसा चालत होता. कडेकडून निघून रेषांमध्ये जमत होता. वर्तुळात वर्तुळ आणि त्यांना छेदणारे आरे. कोणी पेनाने काढल्यासारखी नक्षी, आणि इतक्या गोंगाटात ती अगदी निश्चल. कॉलेजात आम्ही हेच एका धातूच्या पत्र्यावर वाळू टाकून केलं होतं. जिथे पत्रा थरथरतो तिथून भुसा पळतो, जिथे तो शांत असतो तिथे जमतो.

मी उठले आणि काकांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला. असं मी कधी केलं नव्हतं. त्यांनी भुवया चढवल्या, पण रेस सोडली नाही. मी झाकणाकडे बोट दाखवलं आणि स्क्रू हळूहळू बाहेर घेतला.

आवाज फाटला. आणि त्याच क्षणी नक्षीच्या कडा विरल्या, पाण्यातल्या प्रतिबिंबाला कोणी बोट लावावं तशा. आत घेतला, नक्षी गोठली. बाहेर, पुन्हा थरथर. काका टक लावून बघत राहिले. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्याकडून परत घेतला, झाकणावरची नजर न हलवता स्क्रू फिरवला आणि थरथर हवी तेवढी झाल्यावर थांबले. शेजारचा ओंडका होताच. त्यांनी पट्टी लाकडात टेकवली. नक्षी बदलली, पण ती थरथर गेली. भुसा स्वच्छ रेषांत उभा राहिला.

त्यांनी करवत बंद केली. शेड एकदम मोठी वाटू लागली.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“पिस्टन बघितला तेव्हापासून,” मी मोठ्याने म्हणाले.

“म्हणजे भेसळ नव्हती.”

“नव्हती.”

त्यांनी घराकडे बघितलं. “आणि हिला?”

“काकू जेवताना तुम्हाला हळू आवाजात काहीबाही म्हणते आणि तुमच्या तोंडाकडे बघते.”

“काहीबाही म्हणजे?”

“परवा ‘बहिरा ठोंब्या’ म्हणाली.”

“मग मी काय म्हणालो?”

“म्हणालात, हो, वाढ अजून थोडं.”

काका खाली बसले. त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते की काय, हे मला जरा वेळ कळलं नाही. हसत होते, आणि डोळेही पुसत होते. हाताला ऑइल होतं, गालावर काळा पट्टा उमटला.

दारात काकू आली. संध्याकाळी शेड झाडायला ती येतेच. हातात झाडू धरून ती तिच्या त्या खालच्या पट्टीत काहीतरी पुटपुटली आणि काकांच्या तोंडाकडे बघू लागली. एरवी त्यांनी मान डोलावली असती.

“काय म्हणालीस?” काका म्हणाले. “मोठ्याने बोल. मला ऐकू येत नाही.”

काकूचा झाडू खाली टेकला. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्या गालावरच्या पट्ट्याकडे.

“म्हटलं,” ती मोठ्याने म्हणाली, आणि शेवटी तिचा आवाज थोडा फाटला, “सगळं झाडू का?”

“झाड की. तेवढं झाकण सोडून.”