इस्त्रीखोलीतलं तापमान

लॉन्ड्रीच्या इस्त्रीखोलीत पारा छत्तीसच्या वर गेला की काम थांबवायचं, असा नियम होता. पूर्वी तशी वेळ वर्षातून चार-पाच दिवस यायची. आता उन्हाळा लवकर येई आणि जाता जात नसे. तेव्हा खोलीवर देखरेख करणाऱ्या थोरल्या जावेनं तापमापक टेबलांजवळून काढला आणि दाराशी, पाण्याच्या पिंपावर टांगला. तिथे तो तेहेतीसच्या वर सरकेना.

"ताई, पाऱ्याला पगारी सुट्टी दिलीत की काय? हलतच नाही मेला!" धाकटी जाऊ इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली.

"तो नाही तर नाही, तू हात हलव."

सगळ्या खिदळल्या. त्याच दुपारी धाकटी अर्धवट घडी केलेल्या चादरीवर कोसळली.

दवाखान्यात सलाईन लागल्यावर तिनं डोळे उघडले आणि आधी थोरलीचीच माफी मागितली. "बाकीच्या पाचजणी उभ्या आहेत, मीच नाजूक निघाले. तुम्हाला मान खाली घालायला लावली."

थोरलीला तिच्याकडे बघवेना.

डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. "मूत्रपिंडांना सूज आहे. खोलीत किती गरम असतं?"

"तेहेतीस," धाकटीनं सांगून टाकलं.

"तेवढ्यानं असं सहसा होत नाही. मग कारण दुसरीकडे शोधू. बरं वाटलं की कामावर जायला हरकत नाही."

थोरली नुसती गप्प बसली असती तरी निभावलं असतं. पण खरा आकडा तिला ठाऊक होता. जेवणाच्या सुट्टीत, खोलीत कुणी नसताना, तिनं एकदा टेबलाशी मोजून पाहिलं होतं.

"एकेचाळीस," ती म्हणाली. "टेबलाशी एकेचाळीस असतं. तापमापक मीच गार जागी नेऊन लावला."

धाकटीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"त्या पाचजणी अजून तिथेच असतील ना?" तिनं भिंतीकडेच बघत विचारलं.

"हो."

"मग इथे काय बसलात? फोन लावा."

थोरलीनं फोन लावला. "इस्त्र्या बंद करा आणि बाहेर या."

"अहो, पण का?" पलीकडून एकीनं विचारलं. "थांबा, स्पीकरवर टाकते, सगळ्यांना सांगा."

इस्त्र्यांची वाफ फुसफुसताना ऐकू येत होती. मग तीही थांबली. पाचहीजणी ऐकत होत्या, आणि थोरलीनं तापमापकापासूनच सांगायला सुरुवात केली.