मागच्या दरवाजाचं कुलूप

मित्रांनो, मी एका सोसायटीच्या मागच्या भिंतीतला जुना लोखंडी दरवाजा आहे. जेमतेम माणूसभर उंच, गंजलेला आणि हल्ली तोंडाने फटकळ. असा का झालो, ते ऐका.

मला बसवताना लोहार म्हणाला होता, "नुसती कडी पुरे. माणसं इथून फिरायला जातील." पलीकडे कालव्याच्या काठाने मऊ मातीची वाट होती. रोज सकाळी सहाला आठ-दहा जण माझ्यापाशी जमत. सगळ्यांत आधी निवृत्त कंपाउंडर. बायको गेल्यापासून ते तळमजल्यावर एकटेच राहत. मग मधुमेहाने बेजार झालेल्या मास्तरीणबाई. वर्षभर चालून बाईंच्या गोळ्या निम्म्यावर आल्या. एकमेकांची नावं माहीत नसलेल्या शेजाऱ्यांना एकमेकांची दुखणी तोंडपाठ झाली. नियम एकच होता. सगळे आल्याशिवाय निघायचं नाही, आणि कुणी आलं नाही तर त्याच्या घरची बेल वाजवायची.

एका सकाळी कंपाउंडर आले नाहीत. बाई तरातरा गेल्या. बघतात तर ते छातीत कळ येऊन खुर्चीत कोसळलेले. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. परत आल्यावर माझे गज थोपटून म्हणाले, "इथे हजेरी लागते म्हणून जगलो बाबा." मी काय फुशारलो तेव्हा!

पुढे कुणाची तरी सायकल चोरीला गेली. गेली पुढच्या फाटकातून, पहारेकरी डुलक्या घेत असताना. कुलूप मात्र मला लागलं.

बाई सेक्रेटरींना म्हणाल्या, "अहो, पुढून कालव्यावर जायचं तर अर्धा तास ट्रकांच्या रस्त्याने जावं लागतं! सकाळपुरती तरी किल्ली द्या."

"मग गच्चीवर फिरा की! चालणं ते चालणंच."

चार दिवस सगळे गच्चीवर गरगर फिरले. मग ज्याने त्याने आपली गादी जवळ केली. बाईंचे पाय सुजले, गोळ्या पुन्हा वाढल्या.

आणि एके दिवशी कंपाउंडर न्हाणीघरात पडले. तिसऱ्या दिवशी दाराखालून पाणी वाहत आलं, तेव्हा लोकांनी दार फोडलं. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवशी कळतं तर वाचले असते.

त्या संध्याकाळी बाई माझ्यापाशी आल्या. "रोज दिसत असते, तर दिसले नाहीत हे त्याच दिवशी कळलं असतं रे," म्हणाल्या आणि माझ्या गजांना डोकं टेकून रडल्या. मला हुंदकाही देता येईना.

शोकसभेत सेक्रेटरी म्हणाले, "माणुसकीच राहिली नाही हो!" त्याच सभेत माझ्यावर कॅमेरा बसवायचं ठरलं. आता तो दिवसरात्र माझ्याकडे बघतो. कोण आलं ते त्याला बरोबर कळतं. कोण आलं नाही, हे विचारायला तो कुणाच्या घरी जात नाही.

मित्रांनो, चाला, चारचौघांबरोबर चाला. वाटेत माझ्यासारखा बंद दरवाजा लागला, तर किल्ली मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा. आमच्या बाईंनी एकदाच मागितली होती.