कोरड्या बर्फाचा धूर

नवरी पिंकी मांडवात आली ती धुरातून, जणू ढगावरून उतरली. जस्मीन मात्र ताडकन उठली; कोरडा बर्फ पाण्यात टाकला की असाच धूर होतो. उरवड्याच्या प्रयोगशाळेत तिच्या कुपीचं पार्सल कोरड्या बर्फात यायचं होतं, आणि ते आणायला गेलेला ड्रायव्हर अमोल म्हणजे नवरीचा भाऊ.

"अमोल, माझ्या खोक्यातला बर्फ काढलास?"

"जरासाच, मॅडम. कुपी जपलीया की!" फेटा सावरत त्यानं ती खिशातून काढली. जस्मीननं हातात घेतली; कोमट झाली होती.

"माणसाचं इस्ट्रोजेन हार्मोन धरणारं प्रोटीन होतं रे हे, जंतूंकडून घडवून घेतलेलं! स्तनाच्या कर्करोगाचं औषध यावर तपासायचं होतं."

"मग पिरंगुटातनं प्रोटीनचा डबा आनतो की."

"मुडद्या! शालूची घडी मोडली तर परत घालता येते. ह्या प्रोटीनची घडी उबेनं मोडली की परत बसत नाही."

कुपी तिनं त्याच्याच तळहातावर आपटली. "उद्या प्रयोगशाळेत सरांना तूच सांग. आणि येताना हा फेटा बांधूनच ये."