नजर भेटली तरच मागे

एकाहत्तर साली सोलापुरात डोळ्यांची साथ आली, तेव्हा अर्धं शहर काळे गॉगल घालून हिंडत होतं. ज्यांना उभ्या जन्मात गॉगल परवडला नसता तेही साहेबासारखे दिसायला लागले. अशा दिवसांत बसलिंगप्पा मास्तर आम्हा चौघा हमालांना गिरणीच्या गोदामामागे ट्रॅक्टर शिकवत होते. गिरणीच्या साहेबांनी शिकवणी थांबवायला सांगून पाहिलं. मास्तर म्हणाले, कापसाच्या गाठी काही साथ बघून यायच्या थांबत नाहीत.

ट्रॅक्टरवर ड्रायव्हरची जागा एकच निघाली होती. मला ती हवीच होती, कारण गाठी वाहून पंचविशीतच माझी पाठ गेली होती. आणखी वर्षभर ओझं उचललंस तर अंथरूण धरशील, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. आमच्या चौघांतल्या महिपतीलाही ती हवी होती. त्याची पाठ ठणठणीत होती, पण घरात खाणारी तोंडं सात होती.

एरवी मास्तर मडगार्डवर बसून शिकणाऱ्याच्या हातावर हात ठेवत, आणि गिअर चुकला की तोच हात पाठीत बसे. साथीत दोन्ही बंद झालं. ते दहा पावलांवर उभे राहून शिट्टी वाजवत. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, सीटवर टाकायचं गोणपाट वेगळं. एक जण उतरला की स्टिअरिंग आणि गिअरचा दांडा साबणाच्या पाण्यानं पुसायचा, हात धुवायचे, मगच दुसऱ्यानं चढायचं. डोळे आले की घरी. आम्ही याला मास्तरांचं सोवळं म्हणायचो, अर्थात त्यांच्यामागे.

एक नियम मात्र साथीच्या आधीपासूनचा. ट्रॉली मागे घेताना एक जण मागच्या कोपऱ्याला बाजूला उभा राहून हात करायचा. त्याची नजर भेटली तरच गाडी मागे, नजर सुटली की ब्रेक. "नोडू," मास्तर कन्नडात ओरडत, म्हणजे बघ. मग तेच मराठीत ओरडत.

त्या सकाळी मागे महिपती उभा होता, गॉगल लावून. गॉगलच्या कडेतून पाणी गळत होतं, ते मला दिसलं. डोळे आले तर घरी बसावं लागेल आणि जागा जाईल, म्हणून तो लपवत होता. माझ्या आईनं, सोनाबाईनं, मला बजावून ठेवलं होतं की गुंडा, डोळे आलेल्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, बघितलं की आपलेही येतात. सगळं सोलापूर हेच मानत होतं, मी तर काय, आईचा शहाणा मुलगा. मी मान खाली घातली आणि अंदाजानं ट्रॉली मागे घेतली.

ट्रॉली वाकडी फिरली. महिपती थांब म्हणून हात करत राहिला, हे मला नंतर कळलं. मास्तर किंचाळले तेव्हा मी ब्रेक दाबला. ट्रॉलीचा कोपरा आणि भिंत यांच्या बेचक्यात महिपती उभा होता. सदरा फाटला होता, कोपर सोललं होतं, गॉगल चाकाखाली गेला होता. त्याचे डोळे टोमॅटोसारखे लाल झाले होते.

मला वाटलं, आता मास्तर मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"बघून साथ येत न्हाई, गुंडा," ते हळू म्हणाले. "हातानं येतीय, टावेलानं येतीय. साथीनं आठ दिवस डोळं चिकटतील. न बघितल्यानं माणूस भिंतीला चिकटतंय."

त्यांनी महिपतीला आठ दिवस घरी पाठवलं आणि मला तेवढेच दिवस स्टिअरिंग पुसायला लावलं. नवव्या दिवशी साहेबांसमोर परीक्षा ठेवली. माझ्या पाळीला मागे कोण उभं राहणार, असं साहेबांनी विचारलं. मास्तर म्हणाले, महिपती.

आठ दिवसांपूर्वी मी त्याला भिंतीला चेपता चेपता राहिलो होतो. त्यात माझी गाडी चुकली की जागा त्याची, हे उघड होतं. त्यानं हात जरा उशिरा वर केला असता तरी ट्रॉली गाठी उतरवायच्या ओट्याला धडकली असती, आणि दोष माझाच ठरला असता.

महिपती कोपऱ्याला जाऊन उभा राहिला. गॉगल नव्हता. डोळ्यांत अजून थोडी लाली होती.

"बघ माज्याकडं," तो म्हणाला. "ये."

मी बघितलं. साथीची भीती, आईचं बोलणं, सगळं बाजूला ठेवून त्या डोळ्यांत बघत राहिलो. त्याचा हात डावीकडे गेला, मी डावीकडे वळवलं. हात हळू झाला, मी हळू झालो. मूठ वर गेली, मी ब्रेक दाबला. उतरून पाहिलं, तर ट्रॉली आणि ओटा यांत चार बोटांचं अंतर होतं.

जागा मला मिळाली. महिपतीनं पुढे बारा वर्षं गाठी वाहिल्या, आणि ट्रॉली मागे घेताना हात करायला रोज तोच उभा राहिला. आता गिरणी बंद आहे, पटांगणात बाभळी वाढल्यात, मास्तर गेले, महिपतीही गेला. माझी पाठ अजून ताठ आहे. सकाळी उठून उभा राहिलो की मला त्याची आठवण येते, कारण परीक्षेच्या दिवशी मुद्दाम चुकीचा हात करायला त्याला कुणी अडवलं नव्हतं.